पुनरुज्जीवनाच्या कामासाठी देशी बियाणं: पुरवठा कसा उभा करायचा

उजाड झालेली टेकडी असो, गवताळ पट्टा असो की खाणकामानंतर उरलेली जमीन, कामाची आखणी बहुतेक वेळा एकाच क्रमाने होते. आधी नकाशा, मग कुंपण, मग मजूर, पाणी, निधीचे हप्ते, आणि सगळ्यात शेवटी तिथल्या मूळच्या रानटी जातींचं, म्हणजे देशी, बियाणं. 'ते काय, मिळेलच' असं गृहीत धरलेलं असतं. पेरणीचा हंगाम तोंडावर येतो आणि यादीतल्या चाळीस जातींपैकी जेमतेम आठ हाताशी असतात. मग जे मिळेल ते पेरलं जातं आणि पाच वर्षांनी तिथे भलताच झाडोरा उभा असतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनरुज्जीवनाचं दशक म्हणून जाहीर केलं आणि देशोदेशींच्या सरकारांनी मोठमोठे आकडे कबूल केले. त्या आकड्यांना पुरेल एवढं रानटी जातींचं बियाणं तयार आहे का, हा प्रश्न मागाहून आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२३ साली आपल्या देशातल्या देशी बियाण्याचा आढावा घेतला, तेव्हा तिथेही पुरवठा गरजेच्या मागेच असल्याचं दिसलं. गहू-मक्याच्या बियाण्यामागे शतकाची व्यवस्था उभी आहे. रानातल्या एखाद्या झुडपाच्या बियाण्यामागे कुणीच नसतं. ती व्यवस्था आपल्याला, आपल्या कामापुरती का होईना, स्वतःच लावावी लागते.

म्हणून पहिला नियम वेळेचा. पेरणी ज्या वर्षी करायची त्याच्या किमान दोन-तीन वर्षं आधी बियाण्याचं काम सुरू करा. काही झाडं एक वर्ष लगडतात आणि पुढची दोन-तीन वर्षं जवळपास रिकामी जातात. नेमक्या रिकाम्या वर्षी तुम्ही झाडाखाली उभे राहिलात, तर हाती काही लागणार नाही.

यादी करताना बियांचा स्वभाव लिहा

जवळपासची त्यातल्या त्यात शाबूत जागा शोधा आणि तिथे वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत फिरून जातींची यादी करा. तिच्यात फक्त झाडं नकोत. गवतं, वेली, झुडपं आणि एका हंगामात येऊन जाणाऱ्या वनस्पतीही हव्यात. जमीन आधी तीच धरून ठेवतात.

यादीत प्रत्येक जातीसमोर एक गोष्ट हटकून लिहायची: बी वाळवून टिकतं की नाही. बीजशास्त्रज्ञ इ. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट मांडले. पहिल्या गटातलं बी चांगलं वाळवून थंड जागी ठेवलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं. बहुतेक गवतं आणि शेंगवर्गीय झाडं यात येतात. दुसऱ्या गटातलं बी वाळवलं की मरतं. आंबा, फणस, जांभूळ, साल आणि ओकची फळं यातली. सालाचं बी तर झाडाखाली पडल्यावर आठवडाभरातच निकामी होऊ लागतं. या दोन्हींच्या मधला गट १९९० च्या सुमारास स्पष्ट झाला. त्यातल्या बिया थोडं वाळवणं सोसतात, पण फार काळ टिकत नाहीत. कडुनिंबाचं बी सर्वसाधारणपणे याच मधल्या गटात धरतात.

ही नोंद पहिल्याच दिवशी हवी, कारण पुरवठ्याचा रस्ता तिच्यावर ठरतो. दुसऱ्या गटातल्या जातींसाठी गोदाम बांधून उपयोग नाही. त्यांचं बी गोळा केल्याच्या आठवड्यातच रोपवाटिकेच्या पिशवीत गेलं पाहिजे, म्हणजे तिथे आधी रोपवाटिका उभी हवी. ज्या जातीबद्दल खात्री नाही ती सरळ दुसऱ्या गटातली समजून वागा. बी पेरण्यातली थोडी घाई परवडते, मेलेलं पोतं परवडत नाही.

किती लागेल याचं गणित

'हेक्टरी इतके किलो' हा आकडा कुणी तोंडावर फेकला तर आधी विचारा, त्यात जिवंत बी किती? किलोमध्ये काड्या, तूस, पोचट दाणे आणि माती असं सगळंच येतं.

एका गवताचं उदाहरण घेऊ. दर चौरस मीटरला ५ रोपं टिकून राहावीत अशी अपेक्षा आहे. मोकळ्या रानात पेरलेल्या जिवंत बियांतून फार थोडी रोपं तग धरतात. पक्षी, मुंग्या, उघडीप आणि तण असे सगळेच वाटेकरी असतात. शंभरातून पाच टिकतील असं धरलं तर चौरस मीटरला १०० जिवंत बिया हव्यात. तपासणीत निम्म्याच बिया जिवंत निघाल्या, तर २०० बिया पेराव्या लागतील. हजार बियांचं वजन २ ग्रॅम असेल तर या २०० बिया ०.४ ग्रॅमच्या झाल्या. पण मालात शुद्ध बी ८० टक्केच आहे, म्हणून प्रत्यक्ष माल ०.५ ग्रॅम. हेक्टरी ५ किलो. पाच हेक्टरला २५ किलो, आणि नासधुशीची सोय धरून ३० किलो.

आता हा आकडा रानाशी ताडून पाहा. रानातून गोळा करताना त्या दिवशी पक्व असलेल्या बियाण्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा संकेत जगभरच्या बियाणे संकलकांमध्ये आहे. ३० किलो हवं असेल तर किमान दीडशे किलो बी धरलेलं गवत समोर असायला हवं. एवढं गवत शाबूत असतं तर पुनरुज्जीवनाची वेळ आली असती का? हे गणित कागदावर एकदा मांडलं की पुढची दिशा आपसूक कळते. रानातून आणायचं ते मूळ बी म्हणून, आणि मोठा साठा तयार करायचा तो शेतात.

कुठलं बी आणायचं

जात तीच असली तरी डोंगरमाथ्यावरची आणि नदीकाठची झाडं वागायला वेगळी असतात. कधी फुलायचं, किती कोरड सोसायची हे त्यांच्या पिढ्यांनी तिथल्या हवेशी जुळवून घेतलेलं असतं. दूरच्या, वेगळ्या हवामानातलं बी उगवतं, पण दुष्काळाच्या पहिल्या फटक्यात त्याची परीक्षा होते. जर्मनीने हा मुद्दा कायद्यातच आणला. देशाचे २२ उगम-प्रदेश पाडले आणि मार्च २०२० पासून मोकळ्या निसर्गात रानटी वनस्पती लावताना त्याच प्रदेशाचं बी वापरणं बंधनकारक केलं.

तुमच्या भागात असे नकाशे असतील तर ते वापरा. नसतील तर पाऊसमान, उंची आणि मातीचा प्रकार या तीन गोष्टी जुळतात का ते पाहा. किलोमीटरमधलं अंतर त्यांच्यापुढे दुय्यम आहे. शंभर किलोमीटरवरची तशीच जमीन, दहा किलोमीटरवरच्या वेगळ्या जमिनीपेक्षा बरी.

जवळचं ते चांगलंच, हा हट्टही नको. तुटक उरलेल्या जागी पाच-सात झाडांचाच घोळका असेल तर त्यांचं बी अनेकदा आपसातल्याच परागीकरणाचं असतं आणि रोपं कमजोर निघतात. अशा वेळी सारख्या परिस्थितीतल्या तीन-चार जागांचं बी एकत्र करणं शहाणपणाचं. हवा तापत चालली आहे म्हणून थोड्या उष्ण, कोरड्या भागातलं बी त्यात मिसळावं असंही काही जण सुचवतात. मला ते पटतं, पण थोड्या प्रमाणात आणि वेगळी नोंद ठेवून. एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही.

परवानगीचं थोडक्यात: जमिनीच्या मालकाची, वनखात्याची किंवा गावाची लेखी परवानगी आधी घ्या, आणि संरक्षित जातींचे नियम वेगळे वाचा. बी देशाच्या सीमेपलीकडे जाणार असेल तर नागोया प्रोटोकॉल लागू होऊ शकतो. हा करार २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून अमलात आहे. जैविक संपत्तीचा लाभ ती सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचावा, हा त्याचा गाभा.

गोळा करताना

हंगामाआधी एक फेरी, हंगामात दोन. पहिल्या फेरीत जागा, झाडांची संख्या आणि फुलोरा पाहून ठेवायचा. शक्य असेल तिथे ५० किंवा त्याहून जास्त झाडांवरून बी घ्या, आणि प्रत्येकावरून साधारण सारखंच. भरघोस लगडलेल्या दोन झाडांवरून पोतं भरण्याचा मोह होतो. मग तुमच्या अख्ख्या माळावर दोनच आयांची पोरं. ठेंगणी, वाकडी, उशिरा पिकणारी झाडंही घ्या, कारण पुढे कुठला गुण कामी येईल ते आज सांगता येत नाही. दोन फेऱ्या यासाठीच: एकाच दिवशी गेलात तर लवकर पिकणारी झडून गेलेली असतात आणि उशिराची हिरवी असतात.

झाडाला हात लावण्याआधी नेलकटर काढा. खरंच, या कामात त्याच्याइतकं स्वस्त आणि नेमकं हत्यार दुसरं नाही. वेगवेगळ्या झाडांच्या पंधरा-वीस बिया मधोमध कापून पाहा. आत पांढरा, टणक, पोकळी न ठेवता भरलेला गर दिसला तर बी चांगलं. गर दुधाळ, पातळ असेल तर अजून थांबा. आत नुसती पोकळी किंवा तपकिरी चुरा असेल तर ते फोल. शेंगांमध्ये तर अळी वाकुल्या दाखवत बसलेली सापडते. गवताच्या बाबतीत कणीस तळहातावर चोळून फुंकर मारा. वरून भरदार दिसणारं तूस उडून जातं आणि हातात दाणा उरतोय का ते कळतं. पुष्कळ रानगवतांत निम्म्याहून जास्त तुसात दाणाच नसतो. निम्म्याहून जास्त बिया रिकाम्या निघाल्या तर त्या जागेवर दिवस घालवू नका.

माल कापडी किंवा कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये ओला माल घालून गाडीच्या टपावर उन्हात ठेवला की दुपारपर्यंत तो वाफाळतो आणि बी शिजतं. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर: जात, तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, किती झाडांवरून घेतलं, कुणी गोळा केलं. पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. जातीबद्दल जराही शंका असेल तर पानाफुलांसह फांदी दाबून वाळवून ठेवा. वनस्पतितज्ज्ञाला दाखवायला ती लागेल.

वाळवणं आणि साठवणं: बहुतेक बी इथेच मरतं

गरयुक्त फळं आधी सोडवायची. पाण्यात चोळून गर काढा, तळाला बसलेल्या बिया घ्या आणि सावलीत पसरा. फळ गरासकट आंबू दिलं तर उष्णतेने बी जातं. शेंगा आणि बोंडं सावलीत वाऱ्यावर पसरून आपोआप तडकू द्यावीत, मग मळणी, चाळण, पाखडणं. सूप आणि पंख्याचा वारा यांनी होणारी सफाई कुठल्याही महागड्या यंत्राच्या तोडीस तोड आहे, फक्त सफाई करणाऱ्याला त्या जातीचं बी ओळखता आलं पाहिजे. थोडं कच्चं तोडलेलं बी लगेच कडक वाळवू नका. काही दिवस सावलीत फळातच राहू द्या, ते तिथे पिकतं.

वाळवण्याचा मूळ नियम बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखला जातो: बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. हा अंदाज पहिल्या गटातल्या बियांसाठी आणि एका मर्यादेपर्यंतच खरा आहे, पण तो पक्का ध्यानात ठेवण्यासारखा आहे. म्हणजे फ्रीज घ्यायला पैसे नसतील तरी नुसतं नीट वाळवून तुम्ही बियाण्याला बरीच वर्षं देऊ शकता.

इंग्लंडमधल्या वेकहर्स्टला क्यू या वनस्पती उद्यानाची मिलेनियम सीड बँक आहे, २००० साली सुरू झालेली. तिथे बी १५ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत वाळवून उणे २० अंशांवर ठेवतात. तुमच्याकडे तशी खोली नसणार. घट्ट झाकणाचा ड्रम घ्या, तळाला रंग बदलणारं सिलिका जेल घाला, साधारण बियाण्याच्या वजनाइतकं, आणि वर कापडी पिशव्यांत बी ठेवा. जेलचा रंग बदलला की ते काढून भट्टीत तापवा आणि पुन्हा वापरा. बी दहा-वीस ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ते ड्रममध्ये पातळ थरांत ठेवा. मोठ्या गोणीचा मधला भाग कधीच वाळत नाही.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची बरणी करून पाहा. कोरड्या काचेच्या बरणीत बी आणि भट्टीत कडक वाळवलेलं साधं मीठ घालून हलवा, थोड्या वेळाने पाहा. मीठ बरणीच्या काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे बी धोक्यात आहे. मीठ सुटंच राहिलं म्हणून बी साठवण्याइतकं वाळलं असा अर्थ मात्र होत नाही. ही चाचणी फक्त 'अजून नाही' एवढंच सांगते. त्यापुढे छोटा आर्द्रतामापक बियाण्यासोबत बंद बरणीत ठेवा आणि आकडा २० च्या खाली येईपर्यंत वाळवत राहा.

शेंगवर्गीय बियांत भुंग्यांची अंडी झाडावरच असतात, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या बियाण्यात महिन्याने भोकं पडतात. वाळलेलं बी हवाबंद पिशवीत घालून दोन-तीन आठवडे खोल थंडीच्या फ्रीजरमध्ये ठेवलं की कीड मरते. 'वाळलेलं' हा शब्द महत्त्वाचा, ओलं बी गोठलं तर आतून फुटतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. गार बियाण्यावर हवेतलं पाणी जमतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तपासणी

प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एका जातीच्या, एकत्र गोळा केलेल्या मालाच्या, तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: शुद्धता, जिवंतपणा आणि उगवण. शेवटच्या दोन एकच नाहीत. रानटी जातींत कित्येक बिया जिवंत असून झोपलेल्या असतात. प्रयोगशाळेने 'उगवण २० टक्के' लिहिलं म्हणून लॉट फेकू नका. न उगवलेल्या बिया कापून पाहायला सांगा किंवा टेट्राझोलियम चाचणी मागा, तिच्यात जिवंत पेशी लाल होतात. पिकांच्या बियाण्यासाठीची नियमावली रानटी जातींना जशीच्या तशी लागत नाही. २०२० मध्ये पुनरुज्जीवनासाठीच्या देशी बियाण्यांची आंतरराष्ट्रीय मानकं आली, त्यामागे हेच कारण होतं.

झोप मोडण्याच्या रीती वेगवेगळ्या. बहावा, बाभूळ यांच्या कडक कवचाला कानसणं किंवा गरम पाणी लागतं. सागाच्या फळांना ओलं-कोरडं असं आलटून पालटून करावं लागतं. थंड प्रदेशातल्या पुष्कळ जातींना ओलसर गारवा लागतो. वणव्याच्या प्रदेशातल्या काहींना धुराचा घटक लागतो, आणि २००४ मध्ये त्यातलं नेमकं रसायन ऑस्ट्रेलियात सापडलं. पेरणीच्या आधी सगळ्याच बियांची झोप मोडू नका. थोड्या बिया झोपलेल्या राहिल्या तर पहिल्या पावसाने दगा दिल्यावर दुसऱ्या हंगामाला काही शिल्लक असतं.

बियाण्याचं शेत

रानातून आणलेल्या थोड्या बियांपासून गवतं, झुडपं आणि छोट्या वनस्पतींचं बी शेतात वाढवता येतं. अनेक बहुवर्षायू गवतं पहिल्या-दुसऱ्या वर्षी बी धरतात. मोठ्या झाडांना वर्षं लागतात, त्यांच्यासाठी रानातले मातृवृक्ष नोंदवून, राखून ठेवणंच बरं. शेत निवडताना तण कमी असलेली जमीन आणि हंगामात एखादं पाणी देण्याची सोय, एवढं पाहा. जवळच्या नात्यातली जात शेजारी नको, नाहीतर संकर होतो.

खरा धोका बारीक आहे. शेतकरी साहजिकच एकाच दिवशी कापणी करतो. लवकर झडणारी आणि उशिरा पिकणारी रोपं त्यात सुटतात, आणि दोन-चार पिढ्यांत रानटी वनस्पती नकळत पिकासारखी एकसारखी होते. म्हणून कापणी दोन-तीन टप्प्यांत करा आणि मूळ रानबियांपासून मोजून दोन-तीन पिढ्यांनंतर पुन्हा रानातलं ताजं बी आणा. प्रत्येक लॉटवर पिढीचा आकडा लिहा.

विकत घेताना आणि करार करताना

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा: मूळ जागा कोणती, कितवी पिढी, कोणत्या वर्षीचं आणि तपासणीचा अहवाल कुठे आहे? 'स्थानिक आहे' एवढंच उत्तर आलं तर नमुना घेऊन तणाच्या बिया स्वतः पाहा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत परागकिटकांसाठी लावलेल्या देशी बियाण्याच्या मिश्रणांतूनच पामर अमरंथ हे चिवट तण अनेक शेतांच्या बांधाशी पोचलं. संवर्धनाच्या नावाने तणाची पेरणी झाली, आणि ते काढायला वर्षं गेली.

हंगामात फोन करून बी मिळत नसतं. गोळा करणाऱ्यांना किंवा शेतकऱ्यांना एक-दोन वर्षं आधी लेखी मागणी द्या, थोडी उचल द्या आणि खरेदीची हमी द्या. त्याशिवाय कुणी रानटी गवताला शेत का देईल? ब्राझीलमध्ये २००७ पासून चालणारं शिंगू बीज जाळं याच पायावर उभं आहे. आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांतली शेकडो माणसं, बहुतांश महिला, आधी ठरलेल्या मागणीनुसार बी गोळा करतात. हे बी हिरवळीच्या खताच्या बियांसोबत वाळूत मिसळून थेट पेरलं जातं. पैसा त्याच गावांत राहिला की रान राखायला माणसं आपणहून तयार होतात.

शेवटचं काम पेरणीच्या दिवसाचं. प्रत्येक लॉटमधलं मूठभर बी बाजूला काढून, नाव-तारीख घालून, ड्रममध्ये ठेवा. पेरलेल्या जागेत एक-एक मीटरचे काही चौकोन खुंट्यांनी आखा. पहिल्या पावसानंतर महिन्याने, मग हंगाम संपल्यावर आणि पुढच्या वर्षी त्याच चौकोनांत जातवार रोपं मोजा. शंभर जिवंत बियांमागे किती उभी राहिली हा तुमच्या जमिनीचा खरा आकडा मिळाला की वरच्या गणितातला पाच टक्क्यांचा अंदाज खोडा, तिथे तो आकडा लिहा आणि पुढच्या हंगामाची मागणी त्याच्यावरूनच नोंदवा.